सोन्याची सुरगाठ

सोने अम्लराजात विरघळते, हे गलाईच्या धंद्यातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून देशभर पांगलेल्या गलाई व्यावसायिकांच्या पिढ्या सोन्याचांदीच्या शुद्धीकरणात गेल्या आहेत. सोने चोख करण्याची एक रूढ रीत अशी: नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, म्हणजेच अम्लराजात, धातू विरघळवायचा, पिवळे द्रावण गाळून घ्यायचे आणि त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा हिराकस टाकायचा. तळाशी तपकिरी भुकटी बसते. ती वितळवली की झाले. रसायनाच्या भाषेत, विरघळताना सोन्याच्या प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावले होते आणि भुकटी होताना ते तिन्ही परत मिळवले. गलाईवाल्याला एवढेच हवे असते. संश्लेषण करणाऱ्या रसायनज्ञाची अडचण वेगळी आहे. त्याला मधल्याच पायरीवर थांबायचे असते: तीनपैकी दोन इलेक्ट्रॉन परत द्यायचे, तिसरा द्यायचा नाही. एकसंयुजी सोने, म्हणजे एकच धनभार असलेले सोने, त्याला हवे असते. गेल्या चार दशकांत सोन्याचे जे नवे रसायन उभे राहिले, त्यातला फार मोठा भाग याच पायरीवर उभा आहे.

ही पायरी निसरडी आहे. सोन्याचे साधे एकसंयुजी क्लोराइड फिकट पिवळे असते आणि बाटलीत विकतही मिळते, पण पाण्याचा किंवा प्रकाशाचा संपर्क आला की त्याच्यात आपसात देवघेव सुरू होते. तीन अणूंपैकी एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून त्रिसंयुजी होतो आणि उरलेले दोघे ते घेऊन धातू बनतात. मधल्या पायरीवर उभे राहण्यापेक्षा एकाने वर जाणे आणि दोघांनी खाली येणे सोन्याला परवडते. म्हणून एकसंयुजी सोन्याला कुणीतरी धरून ठेवावे लागते. धरणाऱ्या रेणूला रसायनशास्त्रात लिगँड म्हणतात. खरा प्रश्न इथून सुरू होतो: किती घट्ट धरायचे? सैल धरले तर सोने निसटून धातू होते. घट्ट धरले तर संयुग टिकते, पण त्याच्यापासून पुढे दुसरे काही बनवायचे तर गाठ सुटत नाही. कापडाची पुरचुंडी निरगाठीने बांधावी की सुरगाठीने, तशातला हा प्रश्न आहे. डायमिथिल सल्फाइड आणि सोन्याचे क्लोराइड यांचे जे संयुग आज एकसंयुजी सोन्याच्या अनेक संश्लेषणांचा आरंभबिंदू आहे, ते या प्रश्नाचे उत्तर आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला निव्वळ कच्चा माल समजणाऱ्यांना सोन्याचे रसायन अर्धेच दिसते.

संयुग दिसायला साधे आहे. पांढरी भुकटी, रेणूच्या मध्यभागी सोन्याचा एक अणू, एका बाजूला क्लोरीन, दुसऱ्या बाजूला गंधक, आणि तिघेही जवळजवळ एका सरळ रेषेत. गंधकाला दोन मिथिल गट जोडलेले असतात. ते करण्याची कृतीही छोटी आहे. अम्लराजातून मिळालेले क्लोरोऑरिक आम्ल पाणी-अल्कोहोलात घ्यायचे, थंड ठेवायचे आणि त्यात डायमिथिल सल्फाइड थेंबथेंब सोडायचे. द्रावणाचा पिवळा रंग विरत जातो आणि पांढरा साका खाली बसतो. पण या छोट्या कृतीतला हिशेब पाहण्यासारखा आहे. सोन्याच्या प्रत्येक अणूमागे सल्फाइडचे किमान दोन रेणू लागतात आणि दोघांची कामे वेगळी आहेत. एक स्वतःचे दोन इलेक्ट्रॉन देऊन सोन्याचे क्षपण करतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घेऊन डायमिथिल सल्फॉक्साइड होऊन जातो. हेच ते डीएमएसओ, औषधनिर्मितीत आणि प्रयोगशाळांत द्रावक म्हणून सर्रास वापरले जाणारे. दुसरा रेणू सोन्याला चिकटून राहतो. म्हणजे पायरी उतरवणारा आणि उतरल्यावर हात धरणारा एकाच जातीचा आहे. मेटाबायसल्फाइटच्या बाबतीत असे होत नाही. आम्ल द्रावणात त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड इलेक्ट्रॉन देतो आणि निघून जातो, सोन्याला धरायला कुणी उरत नाही, म्हणून ते थेट तळाला पोचते. सगळे द्रावण तापवले किंवा घाई केली तर सल्फाइडच्या कृतीतही धातू पडतो, पण बेताने केले तर सोने नेमके अर्ध्यावर थांबते.

इथे एक रास्त शंका येते. गंधक आणि सोने यांचे सख्य तर प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये नझो आणि अलारा यांनी सोन्याच्या पृष्ठभागावर गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंचा शिस्तबद्ध थर आपोआप बसतो हे दाखवले आणि त्यातून पृष्ठभागांच्या रसायनाची एक शाखाच निघाली. चिनी मातीच्या कपांच्या कडेला जी झळझळीत सोनेरी रेघ असते, तिच्यासाठी वापरले जाणारे द्रव सोनेही गंधकयुक्त सेंद्रिय संयुगांत बांधलेलेच असते. मग गंधकाची गाठ सैल कशी म्हणायची? उत्तर गंधकाच्या अवस्थेत आहे. थायोल म्हणजे ज्याच्या गंधकाला हायड्रोजन जोडलेला असतो असा रेणू; त्यातला हायड्रोजन निघून गेला की गंधकावर ऋणभार येतो. असा गंधक सोन्याशी जो बंध करतो त्याची ताकद साधारण ४० ते ५० किलोकॅलरी प्रति मोल मानली जाते. सल्फाइडातल्या गंधकाचे दोन्ही हात मिथिल गटांनी आधीच धरलेले असतात, त्याच्यावर भार नसतो आणि तो फक्त आपली एक मोकळी इलेक्ट्रॉनजोडी सोन्याकडे झुकवतो. पहिली निरगाठ, दुसरी सुरगाठ. राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या मृदू आणि कठीण आम्ल-अल्कांच्या तत्त्वानुसार सोने मृदू आणि गंधकही मृदू, म्हणून दोघे जवळ येतात एवढे कळते. पण जवळ येऊन किती घट्ट बसतील हे त्या तत्त्वातून कळत नाही, आणि पाठ्यपुस्तके बहुधा तिथेच थांबतात.

माझ्या या उपमेलाही एक मर्यादा आहे. थायोलाची निरगाठ मजबूत असली तरी अढळ नसते. ऑरानोफिन हे संधिवातावरचे औषध, ज्याला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली, त्यात सोन्याच्या एका बाजूला ट्रायइथिल फॉस्फिन आणि दुसऱ्या बाजूला साखरेच्या सांगाड्यावरचा थायोल असतो. शरीरात गेल्यावर ती साखर टिकत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनातले गंधक तिची जागा घेते. एक निरगाठ सुटते कारण दुसरी तितकीच घट्ट गाठ तिच्या जागी येते. दोन लिगँडांच्या सोन्याला तिसऱ्याला जवळ घ्यायला जागा असते. नवा लिगँड आधी येऊन बसतो, मग जुना जातो. त्यामुळे बंध किती मजबूत आहे आणि तो किती लवकर बदलतो, या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. सल्फाइडाची विशेषता अशी की तो दोन्ही अर्थांनी सैल आहे: लवकर जागा सोडतो आणि सोडल्यावर परत येण्यासाठी झगडत नाही.

सोने इतके चमत्कारिक का वागते, याचे मूळ अणूच्या आत आहे. सोन्याचा अणुक्रमांक ७९. केंद्रकातल्या ७९ प्रोटॉनांच्या ओढीने सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ५८ टक्क्यांपर्यंत जातो, आणि आइन्स्टाइनच्या नियमाने त्यांचे वस्तुमान वीस-बावीस टक्क्यांनी वाढल्यासारखे होते. कक्षक आकसतात. हा परिणाम आतल्यांपुरता राहत नाही, बाहेरच्या एस कक्षकापर्यंत पोचतो आणि त्याला केंद्रकाजवळ ओढतो. फिनलंडचे पेक्का प्युक्को आणि त्यांचे सहकारी देक्लो यांनी १९७९ मध्ये या सापेक्षतेच्या परिणामांचा जो आढावा घेतला, तेव्हापासून सोन्याच्या वागण्याला एक सलग स्पष्टीकरण मिळाले. सोन्याचा पिवळा रंग, चांदीच्या १.९३ च्या तुलनेत २.५४ इतकी इलेक्ट्रॉन-ऋणता आणि दोनच लिगँड घेऊन सरळ रेषेत बसण्याची खोड या सगळ्यांचा याच्याशी संबंध आहे. शिवाय असे सरळ रेणू स्फटिकात एकमेकांच्या शेजारी आले की सोन्याचे अणू एकमेकांना किंचित ओढतात, दोघांवरही धनभार असताना. म्युनिकच्या हुबर्ट श्मिडबाउर यांनी या ओढीला ‘ऑरोफिलिसिटी’ हे नाव दिले. तिची ताकद हायड्रोजन बंधाच्या आसपासची असते. सल्फाइडाचे लिगँड आकाराने लहान असल्यामुळे त्याच्या स्फटिकातही सोन्याचे अणू असे शेजारी येतात.

आता प्रतिस्पर्धी पाहू, कारण सुरगाठ बांधण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत. मानशो आणि गॉल यांनी १९२५ मध्ये सोन्याच्या क्लोराइडला कार्बन मोनॉक्साइड जोडून दाखवला. तिथे गाठ इतकी सैल होती की ओलाव्याचे वारे लागले तरी सुटे. दुसऱ्या टोकाला ट्रायफेनिल फॉस्फिनचे संयुग आहे: हवेत वर्षानुवर्षे राहते, करायला सोपे, आणि अनेक उत्प्रेरकी प्रयोगांत हेच प्रथम हाताशी येते. पण त्याच्यातून दुसरे काही बनवायचे झाले तर निघालेले फॉस्फिन घन असते, मिश्रणातच राहते आणि नव्या संयुगाशी चिकटाचिकटी करते. ते वेगळे करण्यात दिवस जातो. सल्फाइडाच्या दोन आवृत्त्या मात्र टिकल्या. एक डायमिथिल सल्फाइडाची आणि दुसरी टेट्राहायड्रोथायोफीनची, जी स्पेनमधल्या सारागोसा विद्यापीठातल्या राफाएल उसोन आणि अंतोनियो लागुना यांच्या गटाने रूढ केली आणि १९८९ मध्ये ‘इनॉरगॅनिक सिंथेसिस’ मालिकेत तिची पडताळलेली कृती छापली गेली. दोन्हींत फरक मुख्यतः उत्कलनबिंदूचा. डायमिथिल सल्फाइड ३७ अंशांना उकळते, म्हणजे चैत्रातल्या विदर्भात खोलीच्या तापमानालाच. टेट्राहायड्रोथायोफीन सुमारे १२० अंशांना. पहिल्याचा फायदा असा की गाठ सुटली की सल्फाइड उडून जातो आणि मागे काही राहत नाही. तोच त्याचा दोषही आहे, कारण बाटलीतल्या भुकटीतूनही तो हळूहळू उडतो. मग पांढऱ्या भुकटीवर जांभळट झाक येते. ती धातू झालेल्या सोन्याच्या सूक्ष्म कणांची. म्हणून ही बाटली अंधारात आणि थंडीत ठेवतात.

वासाबद्दल बोलायचे झाले तर दोन्ही सारखीच बदनाम आहेत. युरोपात नैसर्गिक वायूची गळती कळावी म्हणून त्यात टेट्राहायड्रोथायोफीन मुद्दाम मिसळतात. डायमिथिल सल्फाइडाचा वास उकडलेल्या कोबीचा. गंमत म्हणजे अगदी विरळ असताना तोच वास समुद्राच्या वाऱ्याला असतो, कारण समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती ज्या संयुगाचा साठा करतात त्याच्या विघटनातून हा वायू निघतो. १९८७ मध्ये चार्ल्सन, लव्हलॉक, अँड्रिए आणि वॉरन यांनी तर त्याचा संबंध ढगांच्या निर्मितीशी जोडला. त्याच्यासोबत काम करणाऱ्याला ही माहिती फारशी दिलासा देत नाही. पर्याय म्हणून बिनवासाचे थायोडायग्लायकोल वापरता येते, आणि ट्रायइथिल फॉस्फिनचे सोने करताना ते वापरलेही जाते. पण ते मस्टर्ड वायूचे पूर्वरसायन असल्याने रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. दुर्गंधी परवडली म्हणायची.

या संयुगातून काय काय उभे राहिले याची यादी लांब आहे. मी एकच धागा पकडतो. उच्च प्रतीच्या सोन्याच्या उत्प्रेरकांत सोन्याला धरणारा लिगँड बहुधा नायट्रोजनयुक्त वलयातला कार्बीन असतो, आणि तो सोन्याला फॉस्फिनपेक्षाही घट्ट धरतो. स्टीव्हन नोलन यांच्या गटाने २००५ मध्ये अशी क्लोराइडे सल्फाइडाच्या संयुगापासून बनवली. पण त्या वेळी कार्बीन बहुधा आधी मोकळा करावा लागे, आणि मोकळा कार्बीन हवेत टिकत नाही. सगळे काम निष्क्रिय वायूच्या पेटीत. २०१३ मध्ये त्याच गटाने आणि स्वतंत्रपणे सारागोसातल्या गिमेनो-लागुना गटाने दाखवले की कार्बीनचे क्षार, सोन्याचे सल्फाइड-संयुग आणि साधे पोटॅशियम कार्बोनेट उघड्या हवेत एकत्र ढवळले तरी काम होते. पोटॅशियम कार्बोनेट हे काही फार बलवान अल्क नाही. मोकळा कार्बीन तयार करण्याची त्याची ताकद नाही. तरीही अभिक्रिया होते, याचा अर्थ कार्बीन मोकळा होण्याआधीच सोन्याच्या शेजारी पोचलेला असतो. हे शक्य होते ते सोन्यावरचा सल्फाइड जागा सोडायला तयार असतो म्हणून. फॉस्फिन घट्ट धरून बसले असते तर एवढ्या सौम्य अल्काने भागले नसते. माझ्या मताने या संपूर्ण विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे: सैलपणामुळे केवळ उत्पादन सोपे झाले असे नाही, अभिक्रियेचा मार्गच बदलला.

पण एवढ्या खटाटोपाने मिळणाऱ्या उत्प्रेरकांचे काय? एकेकाळी अल्काइनांवर, म्हणजे कार्बन-कार्बन त्रिबंध असलेल्या रेणूंवर, पाणी किंवा अल्कोहोल जोडायचे तर पाऱ्याचे क्षार लागत. जपानमधल्या मिनामाता इथे झालेली विषबाधा अशाच एका कारखान्यातून आली. तिथे ॲसिटिलिनपासून ॲसिटाल्डिहाइड करताना पारा वापरला जात होता. १९९८ मध्ये बीएएसएफ या रसायन कंपनीतले टेलेस, ब्रोडे आणि शाबाना यांनी दाखवले की एकसंयुजी सोन्याचा धनभारित गट तेच काम कितीतरी कमी मात्रेत करतो. सोने अल्काइनाच्या इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे झुकवते, उलट बाजूने अल्कोहोल येऊन जोडला जातो, आणि शेवटी प्रोटॉन येऊन सोन्याला सोडवतो. पुढच्या काही वर्षांत टोस्ट, एचावारेन, हाश्मी यांच्या गटांनी याच ढंगाने कार्बन-कार्बन बंधही घडवले आणि सोने सेंद्रिय रसायनात कायमचे शिरले. पण हे सगळे होण्याआधी सोन्यावरचा क्लोरीन काढावा लागतो. आणि इथे माझ्या विधानावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो.

आक्षेप असा: सल्फाइडाची गाठ सैल असेल, पण त्याच रेणूतली क्लोरीनची गाठ पक्की आहे. ती सोडवायला चांदीचे क्षार घालावे लागतात. सिल्व्हर क्लोराइडचा साका पडतो आणि सोने मोकळे होते. महागड्या सोन्यासोबत चांदीही खर्ची पडते. त्याहून वाईट म्हणजे २०१२ मध्ये शी यांच्या गटाने दाखवले की उरलेली चांदी गप्प बसत नाही. कित्येक अभिक्रियांत ती काढून टाकली की निष्पत्ती बदलते. मग सुरगाठ कुठे राहिली? मला वाटते, या आक्षेपात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. संश्लेषणात एकाच वेळी दोन्ही गाठी सुटायला नकोतच. आधी सल्फाइड सुटावा, त्याच्या जागी हवा तो लिगँड बसावा, आणि तोवर क्लोरीनने सोन्याचे दुसरे टोक धरून ठेवावे. दोन्ही एकदम सुटले तर सोने धातू होऊन तळाशी बसते. चांदीची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपायही त्याच तत्त्वाने शोधले गेले: गागो यांच्या गटाने २००५ मध्ये क्लोरीनच्या जागी ट्रायफ्लिमाइड नावाचा एक सैल ऋणभारित गट बसवून असे संयुग बनवले जे बाटलीत टिकते आणि नळीत चांदीशिवायच कामाला लागते. म्हणजे पक्की गाठ बदलून तिथेही सुरगाठच बांधावी लागली.

दुसरा आक्षेप किमतीचा. सोन्याच्या क्लोराइडाच्या या सल्फाइड-संयुगात वजनाने दोनतृतीयांश, नेमके सांगायचे तर सुमारे ६६.९ टक्के सोने असते. ट्रायफेनिल फॉस्फिनच्या संयुगात ३९.८ टक्के. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या एका तोळ्यापासून कागदावर साडेसतरा ग्रॅमच्या आसपास हे संयुग होते. ही उधळपट्टी नाही का? प्रयोगशाळेत नाही, कारण सोने हरवत नाही. उरलेसुरले द्रावण एका बाटलीत साठवून पुन्हा अम्लराजात घालता येते. कारखान्यात प्रश्न वेगळा आहे, आणि तिथले एक उदाहरण माझ्या विधानाला अनपेक्षित आधार देते. पीव्हीसी या प्लॅस्टिकसाठी लागणारे व्हिनाइल क्लोराइड काही देशांत अजूनही ॲसिटिलिनपासून पाऱ्याच्या उत्प्रेरकावर बनते. ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ मध्ये सोने इथे सर्वोत्तम ठरेल असे भाकीत केले होते. पण अम्लराजातून कोळशावर बसवलेले सोने महागही पडे आणि कामात टिकतही नसे. शेवटी व्यवहारात जो उत्प्रेरक उतरला, त्यात सोने थायोसल्फेट या गंधकयुक्त लिगँडाने बांधलेले असते, अम्लराज लागत नाही आणि सोन्याचे प्रमाण टक्क्याच्या अंशात राहते. मृदू गंधकाने सोन्याला पुन्हा एकदा नेमक्या त्याच निसरड्या पायरीवर धरले. हे क्षेत्र वेगळे आहे, एक घन पृष्ठभागाचे आणि दुसरे द्रावणातले, असे कुणी म्हणेल. लिगँड वेगळा, बंधाची ताकद वेगळी, हे मान्य. पण प्रश्न तोच आहे, आणि उत्तराची दिशाही तीच.

एक गोष्ट मात्र सोन्याला बरीच वर्षे जमत नव्हती. पॅलेडियम ज्या सहजतेने आयोडिनयुक्त वलयात घुसून दोन इलेक्ट्रॉन देते आणि परत घेते, ते एकसंयुजी सोन्याला साधत नसे, कारण त्रिसंयुजी अवस्थेपर्यंत चढणे त्याला फार महाग पडते. बाहेरून बलवान ऑक्सिडीकारक घालूनच ते करावे लागे. फ्रान्समधल्या दिदिए बुरिसू यांच्या गटाने २०१७ मध्ये तोड काढली. त्यांच्या लिगँडाला दोन हात आहेत: एक फॉस्फरसचा, सोन्याला घट्ट धरणारा, आणि दुसरा नायट्रोजनचा, जो एकसंयुजी सोन्याशी जवळपास अलिप्त राहतो आणि सोने त्रिसंयुजी होऊ लागताच त्याला आधार देतो. काम झाले की तो हात पुन्हा सुटतो. अशा संयुगावर सौम्य परिस्थितीत आयोडिनयुक्त वलये बसतात, बाहेरचा ऑक्सिडीकारक न लावता. त्या संयुगाचे मूळ क्लोराइड बनवण्याची रूढ कृती पाहिली तर लिगँड द्रावणात घेऊन त्यात डायमिथिल सल्फाइडाचे सोने घालतात. ढवळल्यावर फॉस्फरस जागा घेतो, सल्फाइड सुटतो, आणि द्रावक काढून टाकताना त्याच्यासोबत कोबीचा वासही निघून जातो.